पुढच्या सीटचं माप

चि. शिडीस,

तुझ्या दाजीचे भरघोस आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि दोन्ही मुली सुखरूप असाल असं धरून चालतो. (तुझं पत्र येऊन बराच काळ लोटला, त्यामुळे धरून चालण्यावाचून इलाज नाही.) विजेच्या खांबावर चढताना जपत जा, असं मी दर पत्रात लिहितो आणि दर वेळी मनात येतं की तुला चढावं तरी कशाला लागतं, नुसता हात वर केला तरी पुरेल. आमच्या दाराच्या चौकटीला तुझं कपाळ आपटून उडालेला टवका अजून तसाच आहे. आल्यागेल्याला मी तो दाखवतो आणि हा आमचा मेहुणा असं सांगतो. पत्र लिहिण्याला विशेष असं कारण नाही. कागद समोर होता, शाई होती, तुझी आठवण झाली, एवढंच.

माझी तब्येत उत्तम आहे. पचन ठीक, झोप ठीक, दात होते तितके आहेत. मध्यंतरी फक्त एक तक्रार सुरू झाली होती, ती म्हणजे मी उंचीला कमी होत चाललो होतो. हसू नकोस. त्याच शिंप्याने त्याच मापाने शिवलेल्या नव्या पँटी मला लांब व्हायला लागल्या. टपाल कार्यालयात तर पँटीच्या टोकावर माझाच पाय पडला आणि मी तिकिटं विकणाऱ्या बाईंच्या खिडकीत खांद्यापर्यंत शिरलो. आता तू म्हणशील की मग जुन्या पँटी कशा बरोबर होतात. त्याचाही मी विचार केला होता. जुन्या पँटी धुऊन धुऊन माझ्याच वेगाने आटत असाव्यात, असा निष्कर्ष मी काढला. डॉक्टरकडे गेलो. त्याने मला भिंतीवरच्या पट्टीला उभं केलं आणि उंची पूर्वीइतकीच आहे असं सांगितलं. त्या पट्टीची तपासणी शेवटची कधी झाली होती, असं मी साध्या आवाजात विचारलं. (वजनमापं निरीक्षकाच्या नोकरीत जन्म गेला, तोंडातून ते आपोआप निघतं.) त्याने मला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या मी घेतल्या नाहीत.

आता तुझ्या ताईविषयी. ती तुझ्याशी बोलत नाही, त्यामुळे तिची खबर तुला माझ्याकडूनच कळणार. डोळे आणखी अधू झाले आहेत. तिला कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं गायब होतं, असं ती सांगते. म्हणून माझा चेहरा बघायचा असला की ती माझ्या शेजारच्या कपाटाकडे बघते. सुरुवातीला मला वाटायचं की ती कपाटावर रागावली आहे. पुढे कळलं की राग माझ्यावरच आहे, फक्त तो कपाटाच्या वाटेने येतो.

पुढचं सगळं तुला ठाऊक आहे, पण ओघ तुटू नये म्हणून लिहितो. ताईने उभी नोकरी घरोघर जाऊन मलमपट्ट्या करण्यात आणि सुया टोचण्यात काढली, आणि तीही सायकलवर. गावातलं प्रत्येक घर तिला कुत्र्यावरून ओळखता येतं. नोकरी संपली तरी सायकल सुटली नाही. मग मागच्या वर्षी तिने न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावर सायकल घातली. बाकड्यावर दोन गिऱ्हाइकं होती. (त्यातल्या एकाला तिने लहानपणी सुया टोचल्या होत्या, म्हणून त्याने पडल्या पडल्या तिचीच माफी मागितली.) गुडघा फुटला. तू धावत आलास, पट्टी बघितलीस, आणि सकाळी तिला न विचारता तिची सायकल तुमच्या खात्याच्या गाडीवर शिड्यांमध्ये बांधून घेऊन गेलास. तुझा हेतू चांगला होता. ताईसुद्धा म्हणते की त्याचा हेतू चांगला होता. तिचा राग हेतूवर नाही, सायकल नेण्यावर आहे. मी यात कोणाचीच बाजू घेतलेली नाही आणि घेणारही नाही.

पण त्यानंतर घरात काय झालं ते तुला कळायला हवं. ती बाहेर जायची थांबली. मी हात धरून न्यायला बघितलं, तर म्हणाली, “मी काय सुटकेस आहे?” हात न धरता शेजारून चाललो, तर पोलीस मागे लागल्यासारखं वाटतं म्हणाली. मग खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागली. सुरुवातीला रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याशी भांडायची. त्याच्या उच्चारांत चुका काढायची, त्याला खोटारडा म्हणायची, आणि मला स्वयंपाकघरात बरं वाटायचं. मग तेही थांबलं. रेडिओ चालू असायचा आणि ती नुसती बसलेली असायची. मला ते बघवत नव्हतं. हे तिच्यासमोर माझ्या तोंडून निघत नाही, म्हणून इथे लिहून टाकतो.

अशात डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत (उंचीच्या कामासाठी गेलो होतो तेव्हा) एका जुन्या मासिकात मला ती जाहिरात दिसली. दोघांची सायकल. कॅटलॉगमध्ये तिला टँडेम म्हणतात. एकापुढे एक दोन सीट, दोन जोड्या पेडल, हँडल दोघांनाही, पण वळतं फक्त पुढचं. खाली लिहिलं होतं की मागे बसणारा हा प्रवासी नसून भागीदार आहे. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. सुटकेस पेडल मारत नाही. जी पेडल मारते तिला कोणी नेतं असं म्हणता येणार नाही. मासिक मी डॉक्टरच्या खोलीतून घरी आणलं, आणि ते परत केलेलं नाही.

आता वस्तू विकत घ्यायची तर आधी गावातल्या दुकानात बघावी, हे मलाही कळतं. समोर माल असतो, हात लावता येतो, बिघडली तर जाब विचारायला माणूस असतो. आमच्या मुख्य रस्त्यावर सायकलींची तीन दुकानं आहेत. पहिल्या दुकानातल्या विक्रेत्याने माझं सगळं म्हणणं अतिशय लक्ष देऊन ऐकलं आणि मला दोन सायकली घ्यायला सांगितल्या. मध्ये बांधायला दोरी तो फुकट देणार होता. दुसऱ्या दुकानात दोघांची सायकल खरोखरच होती. ती छताला उलटी टांगली होती आणि तिच्यावर ट्यूब वाळत घातल्यासारख्या लटकवल्या होत्या. ती विकायची का, असं विचारल्यावर मालक म्हणाला की मग ट्यूब कुठे ठेवू.

तिसऱ्या दुकानाची गोष्ट वेगळी. नोकरीत असताना मी त्याच्या हवेच्या पंपाचं, दाब दाखवणारं घड्याळ बंद पाडलं होतं. ते खरी हवा दाखवत नव्हतं. सबंध गावाच्या चाकांत हवा कमी जात होती आणि लोक समजत होते की आपलं वय झालं. त्याने नवं घड्याळ बसवलं, त्यावर मी मोहोर लावली, आणि तेव्हापासून मी दुकानात शिरलो की तो कापडाने ते घड्याळ पुसायला लागतो. त्याला दोघांच्या सायकलींची चांगली माहिती निघाली. मागवून देतो म्हणाला, पण अट घातली की आधी बाईंना घेऊन या. दोघांना सीटवर बसवून, पाय खाली सोडून, स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो ऑर्डर पाठवत नाही. मी म्हटलं, आकडे लिहून देतो. तो म्हणाला, आकड्यांना पाय नसतात.

आता बाईंना घेऊन येणं शक्य असतं तर सायकल कशाला लागली असती. शिवाय आधी सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि तिने एकदा नको म्हटलं की संपलं, हे तू आमच्याहून आधीपासून जाणतोस. आणि खरं सांगायचं तर त्याची ती पद्धतच मला पटली नाही. डोळ्यांनी बघून माप घेणाऱ्यांचाच बंदोबस्त करण्यात माझी नोकरी गेली. टपालाने माल पाठवणाऱ्या कंपनीला याचं काही नव्हतं. तिला बाई नको होती, मी नको होतो, आमचे चेहरे, आमचे पाय, आमच्या अडचणी, काही नको होतं. तिला फक्त मापं हवी होती, पुढच्याची आणि मागच्याची, आणि खाली माझी सही. त्या मापांवर ती लोखंड कापून, जोडून, रंगवून घरी पाठवणार. सायकल अंगाबरहुकूम. इतकी सभ्य कंपनी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

ताईचं माप मी तिला न सांगता घेतलं. तुला आठवत असेल, बोळात तिची सायकल वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून उभी असायची. सायकल गेली, पण भिंतीवर सीटने घासून पडलेली काळी रेघ राहिली, आणि खाली पेडलने उकरलेला खड्डा राहिला. ताई ती भिंत रंगवू देत नाही. जाता-येता तिचा हात त्या रेघेवरून जातो. तिला वाटतं की माझं लक्ष नसतं. ती शेजारणीकडे गेली असताना (शेजारणीकडे ती अजून जाते, कारण मध्ये रस्ता नाही) मी रेघेपासून खड्ड्यापर्यंत माप घेतलं. भिंतीचा यात काही स्वार्थ नाही, त्यामुळे तिची साक्ष ग्राह्य धरायला हरकत नव्हती.

माझ्या मापाचा प्रश्न मात्र नियमाचा होता. ज्याचा माल त्याने स्वतः मोजू नये, हा आमच्या खात्याचा पहिला धडा. म्हणजे मी स्वतःच्या पायाला स्वतः टेप लावणं बसत नव्हतं. तेव्हा मी शिंप्याकडे गेलो. तोच, कोपऱ्यावरचा, जो कापडही विकतो. नोकरीत असताना मी त्याची टेप जप्त केली होती. टेपचं टोक झिजून गेलं होतं आणि गिऱ्हाइकाला कापड कमी पडत होतं. त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला, नवी टेप घेतली, आणि तेव्हापासून मी सगळे कपडे त्याच्याकडेच शिवतो. एकदा पकडला गेलेला माणूस मोजायला सगळ्यात चांगला, असं माझं मत होतं. होतं, असं लिहितो आहे, याकडे लक्ष दे.

सायकलसाठी माप हवंय असं मी त्याला सांगितलं नाही. कशाला सांगायचं? माप ते माप. त्याने मला स्टुलासमोर उभं केलं, मांडीपासून जमिनीपर्यंत टेप सोडली, मनाशी काहीतरी पुटपुटला आणि आकडा सांगितला. मी तो लिहून घेतला, कंपनीचा कागद भरला, सही केली, मापं बरोबर असल्याचं वेगळं प्रमाणपत्रही जोडलं. (ते कंपनीने मागितलं नव्हतं.) खाली हुद्दा लिहिला आणि कंसात निवृत्त असं लिहिलं.

यथावकाश खोकं आलं. ते दारातून आत येईना. ताईने खिडकीतून विचारलं की कोण वारलं. मी म्हटलं, सायकल आहे, दोघांची, तू मागे. मग मी तिच्या बोलण्याची वाट बघत उभा राहिलो. तुझ्या ताईसमोर असं वाट बघत उभं राहणं काय असतं ते तुला सांगायला नको. ती बाहेर आली. खोक्याच्या फटीतून हात घालून तिने सीट चाचपली, पेडल चाचपलं, चेन चाचपली, हाताला लागलेलं तेल हुंगलं. मग म्हणाली, “जोडायची कोणी?”

त्याचं उत्तर खोक्यातच होतं. सूचनांच्या कागदावर पहिल्याच ओळीत छापलं होतं की सायकल आपल्या जवळच्या विक्रेत्याकडून जोडून घ्यावी. म्हणजे ज्याला टाळायला मी टपालाने माल मागवला, त्याच्याकडेच टपालाने मला पाठवलं. हातगाडी बोलावली, खोकं चढवलं. ताई आमच्याबरोबर आली. तिने माझा हात धरला नाही. तिने खोक्याच्या कडेला हात ठेवला आणि खोकं सांभाळत असल्यासारखी चालत निघाली. हातगाडीवाला दोनदा म्हणाला की बाई, खोकं पडत नाही. मी त्याला गप्प राहायची खूण केली. सबंध मुख्य रस्ता ती चालली, आणि बऱ्याच महिन्यांनी कोणाकोणाच्या कुत्र्यांची चौकशी केली.

तिसऱ्या दुकानदाराने आम्हाला येताना बघितलं आणि आधी घड्याळ पुसलं. मग त्याने सायकल जोडायला घेतली. तो इतक्या आनंदाने स्क्रू पिळत होता की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. बाकीचे दोन दुकानदारही बघायला आले. (दोरीवाल्याने दोरी आणली होती.) सायकल उभी राहिली. काळी, लांब, देखणी. ताई मागच्या सीटवर बसली आणि तिचा पाय पेडलवर जिथे पडायला हवा तिथे नेमका पडला. तिने विचारलं, “माझं माप कुठून घेतलंत?” मी म्हटलं, भिंतीवरून. ती माझ्याकडे बघायला म्हणून पंपाकडे बघत राहिली.

मग मी पुढे बसलो. म्हणजे दोघांनी मला उचलून बसवलं. माझे पाय पेडलपर्यंत पोचले नाहीत. सीट खाली घेतली. पोचले नाहीत. सीट आणखी खाली घेतली, पार लोखंडाला टेकेपर्यंत. माझे बूट पेडलच्या वर हवेत हलत होते आणि दुकानदार खाली वाकून ते बघत होता, तुझ्या आयुष्यात एवढ्या प्रेमाने तुझ्या बुटांकडे कोणी बघितलं नसेल. तो म्हणाला, ही ज्याला होईल असा माणूस आपल्या गावात नाही. मी म्हटलं, मी आटतो आहे, ही नवी गोष्ट नाही, डॉक्टरांना कल्पना आहे.

पेडलला लाकडी ठोकळे बांधायची कल्पना ताईची. ठोकळे बांधले. लोकांनी ढकललं, आणि आम्ही निघालो. शिडी, खोटं कशाला सांगू, आम्ही गेलो. दुकानापासून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत आम्ही व्यवस्थित गेलो. मागून ती अशी पेडल मारत होती की मला पुढे काही करावंच लागेना. मग माझा डावा ठोकळा सुटला. आम्ही पडलो, पण घाईने पडलो नाही. मी पेटीला मिठी मारली आणि हळूहळू तिच्यावरून खाली आलो. ताई उभीच्या उभी बाजूला उतरली, कारण तिला सायकलवरून पडायची सवय आहे. मला वाटलं, आता संपलं. वर बघितलं तर ती हसत होती. पेटीकडे बघून, म्हणजे माझ्याकडे बघून, पोट धरून हसत होती. न्हावी बाहेर आला तरी थांबली नाही. मग म्हणाली, “परत.”

दुकानदाराने परत जाऊ दिलं नाही. त्याने सायकल काढून घेतली आणि सांगितलं की या मापाच्या सायकलवर मला बसवलं तर पुढच्या वेळी पेटी असेलच असं नाही. मला ते मान्य करावं लागलं. घरी येताना ताईला खोक्याशिवाय यायचं होतं. ती माझ्या कोटाच्या बाहीला दोन बोटं लावून आली. त्याविषयी मी बोललो असतो तर तिने ती काढली असती.

दुसऱ्या दिवशी मी शिंप्याकडे गेलो. त्याच्या टेपवर माझी टेप ठेवली. टेप बिनचूक निघाली. मग त्याला विचारलं की माझं माप इतकं मोठं कसं. तो छाती काढून म्हणाला, “साहेब, तो दंड झाल्यापासून तुम्हाला मी कधी कमी दिलं नाही. तुमच्या मापात मी चार बोटं जास्तच धरतो.” प्रत्येक शर्टात, प्रत्येक पँटीत, इतकी वर्षं, माझ्या धाकाने. म्हटलं, अरे, मग माझ्या पँटी आजवर बरोबर कशा झाल्या? त्याने खांदे उडवले आणि सांगितलं की ते बाईंना विचारा.

बाईंना विचारलं. ती खिडकीशी होती, पण रेडिओशी भांडत होती. म्हणाली की पँट घरी आली की ती रात्री चार बोटं आत दुमडून टाके घालायची. प्रत्येक पँट. मला पत्ता नाही. मी विचारलं की सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, “तुम्ही त्याच्यावर पुन्हा खटला भरला असता. त्याची मुलं लहान होती.” मग म्हणाली की आता सुईत दोरा जात नाही, म्हणून नव्या पँटी तशाच राहिल्या. मी आटत नाही हे मला तेव्हा कळलं. आनंद व्हायला हवा होता. मी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो.

कंपनीला मी पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं, अतिशय सभ्य. अंगाबरहुकूम बनवलेला माल परत घेतला जात नाही. सोबत माझ्याच प्रमाणपत्राची नक्कल जोडली होती आणि इतकं नेमकं प्रमाणपत्र आजवर कोणी पाठवलं नव्हतं, असं कौतुकही केलं होतं. गावातल्या दुकानदाराशी निदान भांडता तरी आलं असतं. आपल्याच सहीशी कोण भांडणार. तेव्हा टपालाने घ्यावं की दुकानातून, असं तुला कोणी विचारलं तर माझं मत असं सांग की मापं बरोबर असतील तर टपालाने घ्यावं, आणि घरात बायको असेल तर आधी तिला विचारावं.

दुकानदाराने घरी पोचवलेली सायकल सध्या बोळात उभी आहे, त्याच भिंतीला. मागचं सीट जुन्या रेघेला बरोबर टेकतं. ताई रोज संध्याकाळी दार उघडून ती उभी आहे ना हे चाचपून बघते, मग बूट घालून त्या मागच्या सीटवर बसते. पुढे कोणी नसतं. चेन काढून ठेवली आहे, त्यामुळे पेडल नुसतंच फिरतं. मी कधी विचारलं तर म्हणते, सराव.

बाकी सर्व कुशल. मुलींना गोड पापा. तुझ्या बायकोला सांग की लोणी पाठवायची गरज नाही, पण पाठवलं तर परत करणार नाही.

तुझा,
दाजी

ता. क. वर म्हटलं की पत्राला विशेष कारण नाही. ते तसं नाही. दुकानदाराने पुढच्या सीटचं माप घेऊन सांगितलं की ही सायकल फक्त अशा माणसाला होईल ज्याला दारातून येताना वाकावं लागतं. मी त्याला आमच्या चौकटीचा टवका दाखवायला घरी घेऊन आलो. त्याने टवक्यापासून खालपर्यंत मोजलं आणि मान हलवली. तेव्हा रजा टाक. तू नेलेल्या सायकलची भरपाई लोखंडात होणार नाही, पायात होईल. पुढे तू, मागे ती, निदान न्हाव्याच्या बाकड्यापर्यंत आणि परत. तुला वाटत असेल की ती तुला बसू देणार नाही. मलाही तसंच वाटतं. तरी ये.

ता. क. २. तुझ्या पायाचं आतलं माप खात्रीसाठी उलट टपाली कळव. कोणाकडूनही घे, शिंप्याकडून घेऊ नकोस.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालण्याआधी ताईने वाचून दाखवायला लावलं. (बातम्या देणाऱ्यापेक्षा माझे उच्चार बरे आहेत म्हणाली.) स्वयंपाकघरातल्या नळाचा भाग तिने पुन्हा वाचायला लावला. तुझ्याविषयी तिने पुढचा मजकूर सांगितला, तो मी शब्दशः लिहितो. तिने तुला माफ केलेलं नाही. सायकल चालली म्हणून माफ करेल असंही तू समजू नकोस. तिला तुझ्याशी बोलायचं नाही. पण दोघांच्या सायकलवर पुढच्याला खड्डा, वळण, उतार सगळं मोठ्याने सांगावं लागतं, असं दुकानदार म्हणतो, तेव्हा बोलायचं ते तूच बोल, ती ऐकेल. आणि जुन्या सायकलचं तू काय केलंस ते ती विचारणार नाही, पण लहानपणी त्याच सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून जी घंटी तू सबंध रस्ता वाजवायचास, ती तू फेकली असशील असं तिला वाटत नाही. ती घेऊन ये. या नव्या सायकलला मागेही हँडल आहे.